आडवा रेटा

तासगावात जन्मलेल्या माणसाला बोटीबद्दल मत असण्याचं तसं काही कारण नाही. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी राहिलेलं, बोअरच्या पोटातलं, नाहीतर ताकारी आणि म्हैसाळ योजनेच्या पंपांनी कृष्णेतून उपसून वर चढवलेलं. तासगावात पाणी वाहतं कमी आणि चढतं जास्त. त्या चढणाऱ्या पाण्यावरच माझा संसार झाला. जळालेल्या मोटारी सोडायच्या, वाइंडिंग करायचं, बेअरिंग बदलायचं, आणि शेतकऱ्याला सांगायचं की बाबा, मोटारीत दोष नाही, तुझी केबल बारीक आहे.

पुतण्या शिकून इंग्लंडला गेला आणि साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीच्या काठी राहू लागला. तिथं त्यानं दोघा मित्रांच्या भागीत एक जुनी, छत्तीस फुटी शिडाची बोट घेतली. ही बातमी घरी कळली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, की तेवढ्या पैशात इथं दोन एकर बाग उभी राहिली असती. दादांना बोटीचा फोटो आवडला होता, पण ते बोलले नाहीत. नंतर बरेच दिवस विषय निघाला नाही. मग एका रात्री त्याचा फोन आला. "काका, पाच एच.पी.ची डीसी मोटार बारा व्होल्टवर नीट चालेल का?" बोटीच्या विषयात माझा प्रवेश झाला तो असा, मोटारीच्या दारानं.

मोटार कशाला हवी, तर बोट धक्क्याला लावायला. मी म्हटलं, बोटीला इंजिन आहे ना? आहे. सुकाणू आहे ना? आहे. मग? त्यावर त्यानं जे सांगितलं ते मला फार आवडलं, कारण त्यात यंत्राची अब्रू अगदी उघडी पडते.

सुकाणू आपल्या ताकदीनं काहीच करत नाही. त्याच्यावरून पाणी वाहत असेल तरच ते बोट वळवतं. बोट थांबत आली की सुकाणू म्हणजे पाण्यात लोंबणारी फळी. आता पेच बघा. धक्क्याला लागायचं तर वेग मारायला हवा, आणि वेग मारला की हातातली सत्ता जाते. वेग राखला तर सत्ता राहते, पण ती घेऊन तुम्ही शेजाऱ्याच्या बोटीत घुसता. त्यात शिडाच्या बोटीची घडण अशी, की पोटाखाली मधोमध जड कणा खोल उतरलेला असतो आणि बोट त्या कण्याभोवती फिरते. पुढचं टोक, म्हणजे नाळ, हलकी आणि पाण्यात उथळ. शिडं गुंडाळलेली असली तरी डोलकाठी, तारा आणि गुंडाळ्या वारा धरतातच. वेग मेला की वारा पहिल्यांदा नाळेला पकडतो आणि आपल्याला हवं तिकडं नेतो. इंजिन उलटं फिरवून बोट थांबवायला जावं तर पंखा मागची बाजू एका अंगाला फेकतो. पुढं जाताना उजवीकडं फिरणारा पंखा असेल तर उलट्या चालीत बोटीचं ढुंगण डावीकडं सरकतं. जाणते लोक ही खोड ओळखून तिचाच उपयोग करून घेतात. नवशिके देवाचं नाव घेतात.

हॅम्बलला शेकडो बोटी खांबांना आणि तरंगत्या लाकडी फळाटांना दाटीवाटीनं बांधलेल्या असतात. मधली वाट अरुंद. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं आणि काही जागी ते फळाटांना आडवं कापून जातं. म्हणजे खालून ओढ एकीकडं, वरून वारा दुसरीकडं. शिवाय प्रेक्षक. बोट आत येताना दिसली की शेजारच्या बोटींवरची म्हातारी माणसं चहाचे मग घेऊन वर येतात. तोंडानं कोणी बोलत नाही. फक्त आपल्या बोटीच्या कडेला, टक्कर सोसायला, एक जादा फुगा अडकवतात. पुतण्या म्हणतो, अपमान तो फुगा करतो.

मी एका उन्हाळ्यात तिथं गेलो होतो. समुद्रावर पुतण्या राजा होता. शीड भरलं, बोट कलंडली, तो हसत सुकाणूवर उभा. परतताना नदीच्या तोंडाशी आल्यावर त्याचा चेहरा बदलू लागला. सून वेंगुर्ल्याची, तिचं बालपण मासेमारीच्या होड्या बघण्यात गेलेलं. ती दोर घेऊन नाळेवर जाऊन उभी राहिली. मग जे झालं ते कुठल्याही घरात पाहुण्यासमोर होऊ नये असं होतं. "दोर टाक!" "कुठं टाकू? धक्का दहा फूट लांब आहे!" "उडी मार!" "तूच मार!" वाऱ्यानं नाळ फिरली, बोट आडवी झाली, शेजारच्या बोटीचा कठडा करकरला. त्या बोटीचा मालक आपल्या हातांनी आमची बोट रेटून बाजूला करत होता आणि हवामानाबद्दल काहीतरी सौजन्यानं बोलत होता. रात्री जेवताना दोघंही माझ्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही. बोटवाल्या नवरा-बायकोंत हे सगळीकडचं आहे असं मला नंतर कळलं. समुद्र माणसांना तोडत नाही. शेवटचे पन्नास फूट तोडतात.

आमच्या गावाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिरापासून, त्या सात मजली गोपुराच्या सावलीतून, दरवर्षी ऋषिपंचमीला रथ निघतो. उंच, लाकडी, माणसांनी दोराला लागून ओढायचा. दीड दिवसाचा आमचा गणपती वडिलांना भेटायला काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जातो आणि परत येतो. दोराला हजारो हात असतात, गुलाल-पेढे उधळत असतात, आणि सरळ रस्त्यावर रथ चालवणं म्हणजे फक्त उत्साहाचं काम असतं. पण रथाला सुकाणू नाही. चाकं सरळच जाणार. वळण आलं की गर्दीच्या ताकदीचा काही उपयोग नसतो. जास्त ओढलं तर उलट धोका. तिथं चाकांपाशी वाकलेली मोजकी माणसं महत्त्वाची. जळगावच्या श्रीराम रथाला अशीच मोगरी लावणारी माणसं असतात. चाकाखाली लाकडी मोगरी सारून रथ थोपवायचा, त्याला जरा इकडं, जरा तिकडं घालायचं. त्यांचं काम थोडं, क्षणाचं आणि आडवं. रथ ओढला असं गाव म्हणतं ते दोरवाल्यांना. वळवला कोणी, हे फक्त वळणावरच्या घरांना माहीत असतं.

पुतण्याला बसवायचा होता तो थ्रस्टर म्हणजे ही मोगरीच. बोटीच्या नाळेत, पाण्याखाली, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक आरपार नळी घालायची. त्या नळीत पंखा. आत कोरड्यात, नळीच्या डोक्यावर, विजेची मोटार. सुकाणूपाशी एक छोटी दांडी: डावीकडं ढकलली की पंखा पाणी उजवीकडं फेकतो आणि नाळ डावीकडं सरकते. बस. बोट पुढं जात नाही, मागं जात नाही, नुसती आडवी होते. आणि गंमत अशी, की हा प्रकार बोट जवळजवळ उभी असतानाच चालतो. ती चांगली पळत असेल तर नळीच्या तोंडावरून पाणी सणसणत निघून जातं आणि पंख्याला पकड मिळत नाही. सुकाणू जिथं हात टेकतं तिथून थ्रस्टर धरतो. दोघांची पाळी कधी एका वेळी येत नाही.

इथून पुढं माझा प्रांत सुरू झाला.

पाच एच.पी.ची मोटार आमच्या विहिरीवर चारशे पंधरा व्होल्टवर चालते, तेव्हा साधारण साडेसात अँपिअर ओढते. तीच ताकद बारा व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर आकडा चारशेच्या आसपास जातो. चारशे अँपिअर! मी आयुष्यभर ज्या केबली हाताळल्या त्या या प्रवाहानं उदबत्तीसारख्या जळतील. पुतण्याच्या बॅटऱ्या होत्या मागं, बैठकीच्या खाली. तिथून नाळेपर्यंत दहा मीटर. जायचे दहा आणि यायचे दहा. पंच्याण्णव चौरस मिलिमीटरची, जवळजवळ अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल घातली तरी चारशे अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच खलास. चारशे पंधरातून दीड गेला तर कोणाच्या खिजगणतीत नसतो. बारातून दीड म्हणजे आठवा हिस्सा. वर बॅटरी स्वतःच भाराखाली दबते ते वेगळं. आमची इंडक्शन मोटार व्होल्टेज पडलं की जास्त करंट ओढते आणि जळते. ही डीसी मोटार बिचारी मंदावते, आणि सगळ्यात जास्त रेटा हवा तेव्हाच कमी देते. मी त्याला तेच सांगितलं जे सावळजच्या आणि मणेराजुरीच्या शेतकऱ्यांना सांगत आलो: मोटारीत दोष नाही, केबलचा विचार कर.

उपाय असा निघाला, की मोटारीशेजारी नाळेतच वेगळी बॅटरी ठेवायची, आणि मागून तिला बारीक केबलनं निवांत चार्ज करत राहायचं. पण शिडाच्या बोटीच्या नाकावर वजन टाकलं की ती लाटेत डोकं घालते. म्हणजे धक्क्यावरच्या दोन मिनिटांसाठी समुद्रावरचे सहा तास थोडे बिघडवायचे. नळीच्या जागेचंही तसंच. ती जेवढी पुढं तेवढा तरफेचा फायदा जास्त, कारण बोट कण्याभोवती फिरते. पण जेवढं पुढं जावं तेवढी बोट उथळ, आणि नळी पाण्याच्या पातळीखाली निदान तिच्या व्यासाच्या अर्ध्या-पाऊण खोलीवर हवी, नाहीतर पंखा हवा ओढतो. पुढं न्यावी तर खोली नाही, मागं आणावी तर तरफ नाही. शिवाय चालताना नळीची दोन तोंडं पाण्याला अडवतात, म्हणून कडा गोल घासून घ्यायच्या. खाली उतरणारे आणि काम झालं की पोटात परत जाणारे थ्रस्टरही मिळतात; ते पाण्याला अडत नाहीत, पण जागा खातात आणि पैसेही. यातली कुठलीच निवड फुकट नव्हती, आणि त्यामुळंच मला हे काम खरं वाटलं.

बोट पाण्याबाहेर काढून लाकडी टेकूंवर उभी केली तेव्हा पुतण्यानं व्हिडिओ लावून दाखवलं. कारागिरानं दोन्ही बाजूंना मध्य काढला, छोटी भोकं पाडली, त्यांतून सळई आरपार घातली आणि सळईभोवती फिरवून दोन्हीकडं लांबट गोल आखले. मग कापलं. धडधाकट बोटीच्या छातीला समोरासमोर दोन खिडक्या. पुतण्याचा आवाज बसला होता. फायबरची नळी आत गेली, रेझिन आणि काचेच्या कापडाचे थर आतून-बाहेरून बसले, वरून मोटार आली, पंख्याला गंज खाऊन मरण्यासाठी जस्ताचा तुकडा लागला. त्या जस्ताला रंग लावायचा नसतो. रंगवलं तर तो मरत नाही आणि मग दुसरं काहीतरी मरतं. मोटारीवर उष्णतेचा कटआउट असतो, कारण ती दोन-तीन मिनिटांच्या वर सलग चालवायची नाहीच. आमच्या आठ-आठ तास चालणाऱ्या मोटारींपुढं ही म्हणजे लाडावलेली.

सत्तर किलोचा रेटा देते ती. ऐकायला थोडा वाटतो. दोन माणसांनी खांदा लावला तर तेवढा निघेल. पण धक्का दहा फूट लांब असताना ते दोघं उभे कुठं राहणार? आणि वाऱ्याचा हिशेब निर्दय आहे. त्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा दाब चौपट होतो. दहा नॉटच्या वाऱ्याला हसणारा थ्रस्टर वीसला घाम गाळतो, तीसला नुसता ओरडतो. हो, ओरडतो. नळीतला पंखा आणि ताणाखालची मोटार असा आवाज करतात की सगळ्या नदीला कळतं, कोणाला मदत लागली ते.

जुने शिडवाले म्हणूनच नाक मुरडतात. बटण दाबून बोट लावणं म्हणजे खलाशीपणा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात थोडं तथ्य दिसतं आणि पुष्कळ दिमाख दिसतो. औदुंबर-भिलवडी भागातला नावाडी मी पाहिलेला आहे. पलूस हा भाग पूर्वी आमच्याच तालुक्यातला. औदुंबरच्या दत्तापासून पलीकडं भुवनेश्वरीला जाताना तो आधी नाव धारेच्या वर चढवतो, तोंड तिरकं धरतो, आणि नदीच त्याला आडवी नेऊन सोडते. काठाला आली की बांबू तळाला टेकवून एक रेटा. तो बांबू नसता आणि कोणी त्याला बटण दिलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं असं मला वाटत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातसुद्धा वारा पडला की गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आपल्या तोऱ्यात पाण्यावर बसून राहात नसत. चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं त्यांना दोरानं ओढून जागेवर नेत. शिडाला लाज वाटली असं कुठं ऐकलं नाही.

आणि मोठ्यांचं काय वेगळं आहे? आमच्या तालुक्यातल्या बोरगावात थॉमसनच्या वेलीतून निवडून काढलेलं तास-ए-गणेश द्राक्ष प्रसिद्ध झालं. या पट्ट्यातली द्राक्षं थंड कंटेनरात बसून न्हावा-शेव्याला जातात आणि तिथून जहाजानं युरोपात. अख्खा अरबी समुद्र ओलांडणारं तीनशे मीटर लांब जहाज, नाळेत स्वतःचा प्रचंड थ्रस्टर असलेलं. पण कंटेनरच्या भिंतींवर वारा असा आदळतो की बंदरात शिरल्यावर ते टगच्या हवाली होतं. ठेंगण्या, जाड मानेच्या त्या बोटी त्याला कडेनं ढकलत धक्क्याला लावतात. त्यात कुणा कप्तानाची शान जात नाही. छत्तीस फुटी बोटीवर मात्र मिशीचा प्रश्न येतो.

मुंबईत हा प्रश्न फारसा पडत नाही, हेही सांगायला हवं. गेटवेसमोर शिडाच्या बोटी पाण्यातच बोयांना बांधलेल्या दिसतात. उधाणाला तिथं पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. बोट वाऱ्याकडं तोंड करून बोयापाशी आणायची, कडी पकडायची. मग ती भरती-ओहोटीबरोबर आपली आपण फिरत राहते. मोकळ्या पाण्यात चुकलं तर पुन्हा गोल मारून या. दाटी आली, शेजार आला, की थ्रस्टर आला.

दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात एकट्यानं पृथ्वी फिरून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, छप्पन्न फुटी. वाटेत ते चार बंदरांना थांबले: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन. लोक त्यांच्या वादळांबद्दल विचारतात. मला विचारावंसं वाटतं ते त्या चार बंदरांबद्दल. एकटा माणूस, छप्पन्न फूट बोट, सुकाणू मागं आणि दोर पुढं. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी नोव्हेंबर २०१२ मध्ये निघाले आणि २०१३ च्या मार्चअखेर कुठंही न थांबता परत आले. न थांबण्याचं ते पहिलं भारतीय शौर्य, हे खरंच. पण मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यात वेगळाच विचार येतो, की या गड्यानं पाच महिन्यांत धक्क्याची कटकटच ठेवली नाही.

थ्रस्टर बसल्यावर पुतण्याच्या घरात जो बदल झाला तो आम्ही कोणी धरला नव्हता. पूर्वी सुकाणू त्याच्याकडं का, तर वाऱ्यात बोट सांभाळायचा अनुभव त्याला. आणि नाळेवर ती का, तर कोणीतरी जायलाच हवं. उडी मारायचं, दोर ओढायचं, चाळीस-पन्नास किलोच्या ताणाला पाय रोवून धरायचं अंगमेहनतीचं काम तिच्याकडं आणि हुकूम द्यायचं त्याच्याकडं, ही वाटणी उलटी आहे हे दोघांनाही आधी सुचलं नव्हतं. आता बोट आत येताना सून सुकाणूवर असते. तिचं डोकं थंड, हात हलका. दांडीला एक टिचकी, थांब, बघ, पुन्हा एक टिचकी. सलग दाबून धरणं तिला मान्य नाही. शिवाय तिनं हट्टानं थ्रस्टरशिवायची रीतही शिकून घेतली: बोटीच्या मध्यावरून एकच दोर धक्क्याच्या कडीत घालायचा, इंजिन अगदी मंद पुढं ठेवायचं, की बोट आपोआप धक्क्याला अंग टेकून राहते. बॅटरी बसली तर काय, असं तिचं म्हणणं. हा प्रश्न मी विचारायला हवा होता असं मला वाटलं, पण वेंगुर्ल्याच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही.

पुतण्या आता दोर घेऊन पुढं उभा असतो. त्याची तक्रार अशी, की ती आधी काहीच सांगत नाही, बोट लागल्यावर नुसती "टाक" म्हणते. शेजारचे म्हातारे अजून चहाचे मग घेऊन वर येतात, पण जादा फुगा हल्ली अडकवत नाहीत.

परवा त्याचा पुन्हा फोन होता. बोटीच्या मागच्या बाजूलाही एक थ्रस्टर मिळतो म्हणे. तो बसवला तर बोट अख्खीच्या अख्खी आडवी सरकवता येते. त्याला माझ्याकडून मोटारीचा आणि केबलचा हिशेब हवा होता. मी म्हटलं, मागं बॅटऱ्या जवळच आहेत, केबलची अडचण तेवढी येणार नाही, आकडे काढून देतो. तेवढ्यात फोन सुनेनं घेतला.

"काका, आकडे काढू नका. मागं ढकलायला हा आहे की."